न सांगायच्या भेगा

मुलांनो, जरा डोळे मिटा. अर्धवट मिटून पापण्यांच्या फटीतून बघू नका, कारण चोरून बघणाऱ्याला गोष्ट निम्मीच दिसते. मिटलेत? आता समजा, एका चार मजली इमारतीच्या मागच्या अंगणात, सायकली ठेवायच्या पत्र्याखाली, एक होडी पालथी पडलेली आहे. लाकडाची नाही, ॲल्युमिनियमची. जुनं पातेलं कसं असतं, पोचे आलेलं, कडा वाकलेलं, पण फेकवत नाही असं, तशी. तिच्या पाठीवर कुणी टायर ठेवलाय, कुणी झाडाची कुंडी. मांजर वर चढून ऊन खातं. होडीच्या आयुष्यात याहून वाईट दिवस नसतात.

ही होडी तात्यांची. तात्या म्हणजे आपल्या गोष्टीतल्या भाऊंचे वडील. त्यांची नोकरी तलावाची खोली मोजायची. दोरीला शिशाचा गोळा बांधायचा, होडीतून तो पाण्यात सोडायचा, तळ लागला की दोरी मोजायची आणि गाळ किती वाढला ते साहेबांना कळवायचं. साहेब ते नीट ऐकून घेत आणि गाळ वाढत राही. तात्या निवृत्त झाले त्याच सुमारास खात्यानं होडीही मोडीत काढली. बाकीची माणसं निवृत्त होताना भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. तात्या होडी घेऊन आले.

आता तात्या खाटेवर होते. हृदय थकलं होतं आणि छातीत पाणी साठत होतं. डॉक्टर येत, सुईनं किंवा गोळ्यांनी ते पाणी उतरवत, काही दिवसांनी ते पुन्हा साठे. जाताना एकदा डॉक्टर दाराशी भाऊंना हळूच म्हणाले, "त्यांना बसता येतंय तोवर जे काही करायचं असेल ते करून घ्या." डॉक्टर हळू बोलले की ते सगळ्या घराला ऐकू जातं. तात्यांनाही गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "अरे, एकदा होडीत बसवशील का मला? पाण्यात. लांब नको, काठाकाठानं."

भाऊ म्हणाले, "त्यात काय."

माणसाच्या आयुष्यातली सगळी संकटं "त्यात काय" या दोन शब्दांनी सुरू होतात, हे मुलांनो आत्ताच लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

भाऊ कोण, तेही सांगायला हवं. भाऊ बांधकाम परवान्यांच्या कचेरीत खिडकीमागे बसत. लोक अर्ज घेऊन येत, भाऊ अर्ज उलटसुलट बघत आणि एक काहीतरी कमी आहे असं शांतपणे सांगत. हातानं केलेलं त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे एकदा बाथरूमच्या कडीचा स्क्रू बसवला होता. तो अजून घट्ट आहे, असं ते अधूनमधून जेवताना सांगत.

रविवारी भाऊ आणि त्यांची मुलगी होडी बघायला मागच्या अंगणात उतरले. मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती सदा काहीतरी उचलून कुठंतरी नेत असायची. ती सरळ पालथ्या होडीखाली शिरली. आतून ती म्हणाली, "बाबा, इथं चांदण्या आहेत."

भर उन्हात चांदण्या म्हटल्यावर भाऊ वाकले, गुडघ्यावर आले, शेवटी पोटावर झोपून आत सरकले. खरंच होत्या. ओळीनं बारीक ठिपके, ते निखळलेल्या रिवेटांचे. आणि ठिपक्यांच्या मध्ये उजेडाच्या बारीक रेघा, केसांसारख्या, कुठं सरळ, कुठं नागमोडी. होडीच्या आत तळाला आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फासळ्या म्हणू या, आणि मधोमध लांबलचक कणा. अगदी आपल्यासारखं. बहुतेक रेघा फासळ्या जिथं तळाला जोडल्या होत्या तिथून निघाल्या होत्या. भाऊंना धातूतलं काही कळत नव्हतं, पण होडीच्या आत झोपून आभाळ दिसू नये एवढं कळत होतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात दार लोटून बैठक झाली. भाऊ, मुंगीची आई आणि मुंगी. या घराची एक जुनी पद्धत होती: आजारी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. भाऊंची आई आजारी होती तेव्हा नळाला पाणी नव्हतं हेसुद्धा तिच्यापासून लपवलं होतं. तेव्हा ठरलं की भेगांचं तात्यांना कळू द्यायचं नाही. त्यांनी विचारलं तर सांगायचं, रंग चालू आहे.

"आणि तू," मुंगीची आई मुंगीकडे बघत म्हणाली, "तू तर मुळीच बोलायचं नाहीस."

मुंगीनं ओठांवर बोट ठेवलं. पण तिला हे अवघड जाणार हे तिच्या डोळ्यांत दिसतच होतं.

तात्या ज्या खोलीत पडले होते तिच्या भिंतीलाही एक भेग होती. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून ती तिरकी वर चालली होती, दिव्याच्या बटणांच्या दिशेनं. तात्या दिवसभर तिच्याकडे बघत पडलेले असत. म्हणजे गंमत बघा. माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत भेगच बघतोय, आणि घरातली शहाणी माणसं त्याच्यापासून भेग लपवतायत.

होडी सरळ करायला शेजारी लागले, आणि शेजारी आले म्हणजे सल्ला आला. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. त्यांनी होडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि डांबर म्हणाले. त्यांच्या मते जगातली कुठलीही गोष्ट डांबरानं थांबते, त्यांनी पार्सलं, छपरं आणि एकदा भावाशी चाललेलं भांडणसुद्धा डांबरानं मिटवलं होतं. शेजारचे बँकवाले म्हणाले की डांबर जुनं झालं, आता दोन नळ्यांतला गोंद येतो, समसमान मिसळायचा आणि थापायचा, दगड होतो दगड. सोसायटीचे सेक्रेटरी काही म्हणाले नाहीत. ते होडीकडे बघून कसलातरी हिशोब मनात करत होते, आणि ते काही न बोलणं भाऊंना सल्ल्याहून भारी वाटलं.

भाऊंनी गोंद निवडला, कारण डांबराचा वास तात्यांपर्यंत जाईल. संध्याकाळी ऑफिसातून येऊन ते बनियनवर बसत, गोंद मिसळत, भेगांवर थापत. कपाळावर, कानाला, चष्म्याला थोडा गोंद लागे. घासून साफ न करता लावला होता, पण ते तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही. गोंद खरंच दगडासारखा झाला. भाऊंनी त्यावर बोटानं टकटक केलं आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घातली.

आता परीक्षा. होडी पाण्याबाहेर तपासायची तर उलटं करायचं, पाणीच होडीत भरायचं. जे पाणी बाहेर गळेल, तेच तलावात आत येईल. मुंगीला हे लगेच कळलं, बँकवाल्यांना दोनदा सांगावं लागलं. विटांवर होडी ठेवली, सोसायटीच्या टाकीला नळी लावली आणि वीतभर पाणी भरलं. मुंगी खाली शिरली. तिचं काम ठरलं होतं. थेंब दिसला की त्यावर बोट ठेवायचं, आणि मागं न बघता दुसरा हात पुढं करायचा. भाऊ त्या हातात लाल खडू देत, ती खूण करी. बोट काढायच्या आत खूण झाली पाहिजे, नाहीतर पाणी खडू पुसून टाकतं.

पहिला थेंब आला. खडू. दुसरा आला. खडू. मग भाऊंनी गोंदाच्या पट्टीवरून कौतुकानं हात फिरवला, तर पट्टी अखंड निघून त्यांच्या हातात आली, एखाद्या म्हाताऱ्याची कवळी निघावी तशी. एक गोष्ट मात्र खरी होती, गोंद दगडासारखा झाला होता. पण पाणी भरल्यावर होडीचं अंग किंचित वाकतं, दगड वाकत नाही. थोड्याच वेळात होडीखालून पाण्याच्या इतक्या धारा लागल्या की मुंगीला बोटं पुरेनात.

त्याच वेळी वरच्या मजल्यांवरून ओरड झाली की नळ कोरडे पडले. टाकीतलं पाणी होडीतून अंगणात आणि अंगणातून गटारात गेलं होतं. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः आले. पाण्याचं ते फार बोलले नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा होता. होडी पार्किंगच्या जागेत आहे, तर तिची नोंद दुचाकीत करायची की चारचाकीत? भाऊ म्हणाले की तिला चाकच नाही. सेक्रेटरी म्हणाले की मग नियमाप्रमाणे ती वाहन नाही, सामान आहे, आणि सामान अंगणात ठेवता येत नाही. भाऊंनी आयुष्यभर लोकांना नेमकं अशाच आवाजात उत्तरं दिली होती. समोरून ते कसं लागतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मिळाली.

तात्यांनी विचारलं, "कुठवर आलं?"

भाऊ म्हणाले, "रंग चालू आहे."

"कुठला काढलास?"

"निळा," भाऊ म्हणाले, आणि भिंतीकडे बघू लागले.

मग वेल्डर आला. फाटकं, जिने, खिडक्यांचे गज करण्यात तो एकदम तयार. होडीवर टिचकी मारून म्हणाला, लोखंडापेक्षा मऊ आहे, म्हणजे सोपं. मुलांनो, इथं एक गोष्ट शिकून ठेवा. लोखंड तापलं की आधी लाल होतं. ते आपल्याला सांगतं, बाबा रे, आता पुरे. ॲल्युमिनियम रंगच बदलत नाही. शेवटपर्यंत तसंच पांढरं, शांत दिसतं, आणि मग एका क्षणात पाणी होऊन गळून पडतं. काही माणसंही अशी असतात. वेल्डर लाल होण्याची वाट बघत राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत तिसऱ्या फासळीजवळ बशीएवढं भोक पडलं.

सगळे थोडा वेळ त्या भोकातून खालची वीट बघत उभे राहिले. वेल्डरनं काच वर केली आणि विचारलं की फाटक वगैरे काही करायचंय का. पोस्टमास्तर फक्त "डांबर" म्हणाले आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या भोकातून मांजर आतबाहेर करू लागलं. मुंगीच्या आईनं कपडे वाळत घालताना ते पाहिलं आणि म्हणाली, "अहो, निदान मांजराची तरी सोय झाली." भाऊ हसले नाहीत. ते होडीच्या काठावर बसले होते, आणि त्यांना वाटत होतं की आपण वडिलांना एक साधी गोष्ट देऊ शकत नाही. वर खिडकीतून तात्यांचा खोकला येत होता. आताशा त्यांना उशा रचून बसवावं लागे, आणि बसले तरी ते लवकरच एका बाजूला कलत.

एवढं कमी होतं म्हणून भाऊ तलावाच्या कचेरीत गेले, परवान्यासाठी. खिडकीमागे भाऊंसारखेच एक गृहस्थ बसले होते, तसाच चष्मा, तीच मान तिरकी करायची लकब. त्यांनी सांगितलं की जुन्या होडीला परवाना हवा तर आधी निरीक्षकानं ती पाण्यात तरंगताना बघायला हवी. भाऊ म्हणाले, मग पाण्यात टाकतो. गृहस्थ म्हणाले, परवान्याशिवाय पाण्यात टाकता येणार नाही. भाऊंनी विचारलं, मग लोक काय करतात? गृहस्थांनी चष्मा पुसला. "बहुतेक लोक परत येत नाहीत," ते म्हणाले. भाऊंचे वडील आजारी आहेत हे ऐकून मात्र ते थोडे विरघळले. होडी गळत नाही असं निरीक्षकाला काठावरच दाखवलंत तर बघू, म्हणाले. निरीक्षक सध्या रजेवर होता.

भाऊ घरी आले ते थेट पांघरूण घेऊन झोपले. उजेड होता तरी.

आणि त्या संध्याकाळी मुंगी तात्यांच्या खाटेशी बसली होती. तात्या डोळे मिटून होते. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "निळा रंग वाळला का गं?"

मुंगी म्हणाली, "तात्या, मी बोलायचं नाही असं ठरलंय."

"काय बोलायचं नाही?"

"भेगा आहेत ते."

आता हे बोलून झाल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण दार उघडल्यावर कडी लावून काय उपयोग. तात्यांनी डोळे उघडले. त्यांची छाती हलू लागली आणि मुंगी घाबरली, आईला हाक मारणार तेवढ्यात तिला कळलं की ते हसतायत.

"तिसऱ्या फासळीजवळ," तात्या म्हणाले, "आणि कण्याच्या मागच्या टोकाला. मोटर लागायची तिथं. अगं, त्या भेगांपायीच तर खात्यानं तिला मोडीत काढली."

"तुम्हाला माहीत होतं? मग बाबांना का नाही सांगितलं?"

तात्यांनी जरा श्वास गोळा केला. "वाटलं, भेगांचं ऐकलं की तो आधीच हात टेकेल. म्हटलं, हौसेनं करतोय तर करू दे. उगाच वाईट वाटायला नको त्याला."

म्हणजे बघा. मुलगा वडिलांना वाईट वाटू नये म्हणून भेगा लपवतोय, वडील मुलाला वाईट वाटू नये म्हणून लपवतायत, आणि मधल्या मध्ये होडीला बशीएवढं भोक पडलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण हा कळसा दोघांनी दोन्ही बाजूंनी काखेत दाबून धरला होता.

मुंगीनं गोंदाचं, भोकाचं सगळंच सांगून टाकलं. मग तात्यांनी तिला एक प्लास्टिकची पिशवी आणायला सांगितली. काठाला बारीक चीर पाडली आणि म्हणाले, ओढ. मुंगीनं ओढली, चीर सरसर फाटत गेली. दुसरी पिशवी घेतली, तशीच चीर पाडली, पण या वेळी चिरेच्या टोकाला पेन्सिलीनं एक छोटं गोल भोक केलं. आता ओढ. मुंगीनं ओढली. चीर भोकापर्यंत आली आणि थांबली. मुंगीनं दात ओठ खाऊन ओढली तरी पुढं जाईना.

"भेगेचं टोक अणकुचीदार असतं," तात्या म्हणाले. "सगळा जोर तिथं जमतो, म्हणून ती पुढं पळते. टोकाला गोल भोक पाडलं की जोराला टोचायला जागाच उरत नाही. तो गोल फिरतो आणि दमतो. आधी थांबवायची, मग बुजवायची. तुझ्या बापानं बुजवायला आधी घेतली."

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आणि अजून एक. ती बघ, आपल्याला वाटतं बटणाच्या अलीकडे संपली. संपलेली नसते. भेग डोळ्याला दिसते त्याच्या थोडी पुढं गेलेलीच असते. भोक तिथं पाडायचं, जरा पुढं."

मुंगी तशीच उठली आणि बाबांचं पांघरूण ओढून काढलं.

त्यानंतरचे दिवस भाऊंच्या मानाला फार कठीण गेले. तात्या वरून मुंगीला सांगत, मुंगी जिना उतरून भाऊंना सांगे, आणि निरोप पोचवताना ती तात्यांचा आवाजही आणे. "तात्या म्हणतायत, आधी सगळा गोंद खरवड. तात्या म्हणतायत, लोखंडी ब्रश नको, त्याचा गंज त्यात बसतो. तात्या म्हणतायत, घासताना तोंड वाकडं करू नकोस, मला खिडकीतून दिसतं." खरं म्हणजे तात्यांना खिडकीतून काही दिसत नव्हतं. पण मुलगा घासताना तोंड कसं करतो हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

भेगांना रॉकेल लावायचं, पुसायचं, वर खडूची पूड उडवायची. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते, अगदी टोकापर्यंत. मुंगी त्या टोकाच्या जरा पुढं बोट ठेवी, मागं न बघता दुसरा हात पुढं करी, भाऊ त्यात खडू देत, ती छोटं लाल वर्तुळ काढी. त्या वर्तुळात भाऊ ड्रिलनं भोक पाडत. हे बघून शेजारी पुन्हा जमले. गळणाऱ्या होडीला आणखी भोकं पाडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. बँकवाले हलकेच मुंगीच्या आईला विचारून गेले की ऑफिसात काही ताण वगैरे आहे का.

ठिगळांसाठी जाड ॲल्युमिनियमचा पत्रा हवा होता. तो भाऊंच्या कचेरीच्या अडगळीत मिळाला, जुना सूचनाफलक. कापून, कडा गोल करून, खाली चिकट भरण लावून, रिवेट ठोकून त्यांनी त्याचे छोटे तुकडे भेगांवर आणि मोठा तिसऱ्या फासळीजवळच्या भोकावर बसवला. पुढचं मागचं बघायला विसरले. होडीखाली शिरलेल्या मुंगीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, "परवानगीशिवाय आत येऊ नये." भाऊ उखडायला निघाले होते. मुंगी धावत वर जाऊन निरोप घेऊन आली: "तात्या म्हणतायत, राहू दे. पाण्यालाच सांगायचंय ना."

शेवटची परीक्षा तात्यांनी ठरवली. विटांवर होडी, तिच्याखाली वर्तमानपत्र पसरलेलं, आत पाणी, आणि थांबायचं. घरातली वर्तमानपत्रं रद्दीवाला नुकताच घेऊन गेलेला, म्हणून पोस्टमास्तरांचं त्या दिवशीचं घेतलं. त्यांचं शब्दकोडं अजून व्हायचं होतं, तेव्हा त्यांनी ते परत मिळण्याच्या अटीवर दिलं. या वेळी पाणी घरातून बादल्यांनी नेलं. उन्हं उतरेपर्यंत सगळे बसून होते. सेक्रेटरीसुद्धा सायकल पुसायचं निमित्त काढून घुटमळत होते.

मग मुंगीनं खाली शिरून वर्तमानपत्र ओढून काढलं आणि धावत वर नेलं. तात्यांना आता बसवत नव्हतं. तिनं ते त्यांच्या छातीवर ठेवलं. तात्यांनी तळवा त्यावर ठेवला, हळूहळू सगळीकडे फिरवला, कोपऱ्यापर्यंत.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

दारात भाऊ उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हाताला काळं लागलेलं. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "त्या बाथरूमच्या कडीहून चांगलं झालंय," ते म्हणाले. भाऊ पाणी काढायला खाली गेले.

निरीक्षक रजेवरून आला, पण त्याआधी तात्या गेले. पहाटे, झोपेतच, कुणाला काही न सांगता. डॉक्टर म्हणाले की पाणी फुप्फुसांत गेलं होतं. भाऊंनी मान हलवली. ते कुठून आत आलं, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं.

माणसं आली, बसली, उठून गेली. सेक्रेटरींनी होडीचं नाव काढलं नाही. पोस्टमास्तर बराच वेळ बसले. उठताना त्यांची नजर उशीखाली अर्ध्या बाहेर आलेल्या वर्तमानपत्रावर गेली. त्यांनी ते आत सारलं आणि निघून गेले.

मग एका दुपारी घर रिकामं झालं. भाऊ तात्यांच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले. खाटेवर चादर ताणून घातलेली होती. करायला काही नव्हतं. सवयीनं त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. भेग बटणांच्या अगदी जवळ आली होती. तात्या गेल्यानंतर वाढली की आधीच वाढलेली होती, कुणास ठाऊक. ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, खोकल्यासारखा, मग दुसरा, आणि मग ते थांबेनात.

मुंगी दारात आली. तिनं बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिनं चपला काढल्या, खाटेवर चढली, टाचा उंच केल्या. भेगेचं टोक शोधलं, त्याच्या जरा पुढं भिंतीवर बोट ठेवलं, आणि मागं न बघता दुसरा हात पुढं केला.